रक्तपेढीतलं न सांगणारं यंत्र

रक्तपेढीत मी पहिल्यांदा गेले ती संगणक बसवायला. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. शरणपूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. संगणक विकायचे, गिऱ्हाईकाला लागेल तसा प्रोग्रॅम लिहून द्यायचा आणि बिघडलं की धावत जायचं, अशी सगळीच कामं आम्ही करायचो. मी नामपूरहून शिकायला नाशकात आलेली आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिलेली. रक्तपेढी म्हटल्यावर आपल्याला तिथला वास सोसेल की नाही, अशी धास्ती मनात होती. पण तिथे स्पिरिटच्या हलक्या वासाशिवाय काही नव्हतं. आणि शांतता होती, देवळात दुपारच्या वेळी असते तशी.

पेढीच्या प्रमुख एक डॉक्टर बाई होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडीवर पांढरा कोट. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी खोकी घेऊन दारात उभी राहिले तेव्हा त्या एका पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे थेंब टाकत होत्या.

"थांब जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ये, बघायचं असेल तर बघ."

एका थेंबात त्यांनी तपासणीचं निळं सीरम मिसळलं, दुसऱ्यात पिवळं, आणि फरशी हलकेच इकडून तिकडे कलती केली. पिवळ्यातलं रक्त तसंच गुळगुळीत राहिलं. निळ्यातलं मात्र बघता बघता फुटलं. भाजलेल्या रव्यासारखे लाल दाणे झाले आणि दाण्यांच्या मध्ये स्वच्छ पाणी. मी तोपर्यंत रक्तगट म्हणजे ओळखपत्रावरचं एक अक्षर समजत होते. ते अक्षर असं डोळ्यांसमोर उमटताना पाहून माझ्या अंगावर काटा आला.

"हे कुणाचं रक्त?" मी विचारलं.

"माझंच."

"तुमचा गट तुम्हाला माहीत नाही?"

त्या हसल्या. "माहीत आहे म्हणून तर घेतलं. आज मी रक्त तपासत नाहीये, ही सीरमची बाटली तपासतेय. बाटली काल बरोबर होती म्हणून आजही बरोबर असेलच असं नाही. रोज सकाळी आधी तिची परीक्षा, मग तिने लोकांची घ्यायची."

"आणि तुमचं रक्त बरोबर आहे हे कशावरून?"

हा प्रश्न मी आगाऊपणाने विचारला होता. पण त्यांनी तो मनावर घेतला. फरशी खाली ठेवून म्हणाल्या, "कुठेतरी पाय टेकवावाच लागतो गं. फक्त कुठे टेकवलाय ते आपल्याला पक्कं माहीत हवं."

मी संगणक बसवला. रक्तदात्यांची नावं, गट, तारखा आणि पिशव्यांवर लावायची लेबलं, एवढंच त्याचं काम. मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम घातला, की यंत्राने छापलेल्या लेबलवर विसंबून रक्त बाहेर जाणार नाही. आधी रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघायचं, मगच द्यायचं. मला तेव्हा तो माझ्या कामाचा अपमान वाटला होता.

वर्षभरात त्या संगणकाला व्हायरस लागला. लेबलवर मध्येच भलतीच अक्षरं येऊ लागली, यंत्र रेंगाळू लागलं. मी व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम चालवला. त्याने सांगितलं, सगळं ठीक आहे. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. पण यंत्राची मेमरी मोजली तर किंचित कमी भरत होती. कुणीतरी आत बसून जागा अडवली होती, आणि शोधणाऱ्याला ते दिसत नव्हतं.

मी तिसऱ्यांदा तोच प्रोग्रॅम चालवायला लागले तेव्हा मॅडम मागे येऊन उभ्या होत्या.

"कुणाला विचारतेस?"

"संगणकाला. व्हायरस आहे का म्हणून."

"म्हणजे ज्याच्यावर संशय, त्यालाच साक्षीला बोलावतेस?"

मी हात थांबवला. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोलणं अगदी खरं होतं. तो व्हायरस डिस्कच्या पहिल्याच कप्प्यात बसला होता. यंत्र चालू झालं की सर्वांत आधी तो जागा व्हायचा, आणि मग त्या कप्प्यात काय आहे असं कुणीही विचारलं की मूळचा साळसूद मजकूर काढून दाखवायचा. शोधणारा प्रोग्रॅम बिचारा त्याच्याच डोळ्यांनी बघत होता.

मी ऑफिसात गेले. तिथल्या कोऱ्या यंत्रावर एक फ्लॉपी तयार केली आणि तिच्या कोपऱ्यातली काळी खिटी सरकवून भोक उघडं केलं. परत येऊन पेढीतलं यंत्र पूर्ण बंद केलं, आणि डिस्कला हात न लावता थेट फ्लॉपीवरून सुरू केलं. या वेळी जागा झालेला पहिला माणूस आमचा होता. काही क्षणांत व्हायरसचं नाव पडद्यावर आलं.

"पण तो आता या फ्लॉपीवर चढणार नाही का?" मॅडमनी विचारलं.

मी त्यांना खिटी दाखवली. "हे भोक उघडं असलं की ड्राइव्ह लिहितच नाही. कुठल्याही प्रोग्रॅमने काहीही सांगू दे."

त्यांनी फ्लॉपी हातात घेतली, खिटी पुढे मागे केली, भोकातून खिडकीच्या उजेडाकडे बघितलं. "एवढीशी प्लॅस्टिकची खिटी," त्या पुटपुटल्या. मला ती खिटी माहीत होती, रोज वापरत होते. पण त्यांचा चेहरा बघून मलाही ती पहिल्यांदा दिसल्यासारखी झाली. हजारो ओळींच्या लबाडीला नखाएवढ्या प्लॅस्टिकने अडवलं होतं, कारण त्या प्लॅस्टिकशी बोलायची सोयच लबाडीला नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी पेढीत एक फुलवाले दादा आले. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा होता. पहाटे फुलं पंचवटीत पोचवायची आणि परत जाताना इतर कामं उरकायची, असा त्यांचा दिवस. कुणा नातेवाइकासाठी रक्त द्यायला आले होते. मी तेव्हा नवीन प्रोग्रॅम शिकवायला तिथेच बसलेली.

त्यांच्या रक्ताने मॅडमना चक्रावून टाकलं. पेशी तपासल्या तर गट 'ओ' येत होता. पण मॅडमची पद्धत अशी की रक्ताला दोन वाटांनी विचारायचं, पेशींनाही आणि सीरमला, म्हणजे पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या पाण्यालाही. दादांचं सीरम 'ओ' गटाच्या, एरवी सगळ्यांना चालणाऱ्या पेशींनाही जवळ करेना. तिथेही रव्याचे दाणे झाले. मॅडमनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. मग खुर्चीत मागे टेकून बसल्या आणि मला हाक मारली.

"बघ. 'बॉम्बे' रक्तगट. पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी आज बघतेय."

दादा घाबरले. "मॅडम, काय वाईट हाय का?"

"वाईट काही नाही. पण तुमच्यासारखं रक्त हजारो माणसांत एखाद्याचं असतं. तुम्हाला कधी लागलं तर दुसऱ्या कुणाचं चालायचं नाही. आणि तसल्या दुसऱ्या माणसाला लागलं, तर त्याला तुमच्यासारख्याचंच हवं."

दादा स्वतःच्या दंडाकडे बघत राहिले. "आन् मी इतके दिवस ते घेऊन मळ्यात हिंडतोय," ते म्हणाले.

तेव्हापासून पेढीचा फोन गेला की दादा यायचे. दुर्मीळ गटाच्या अशा काही माणसांची नावं आणि पत्ते मी संगणकात वेगळे ठेवले. परवलीचा शब्द घातला. तेवढं पुरेल असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. मी बाळंतपणाला नामपूरला माहेरी होते. इकडे संगणक बंद पडला, आणि पेढीच्या कार्यालयाने तो सवयीने एका दुरुस्तीच्या दुकानात पाठवला. दुरुस्त होऊन आला, लोकांची कामं सुरू झाली, कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग एके सकाळी दादा फुलांच्या रिकाम्या पाट्यांसकट पेढीच्या दारात येऊन उभे राहिले. ही हकिगत मला नंतर मॅडमनी सांगितली.

"माझं रक्त बाजारात कुनी मांडलं?" एवढंच ते म्हणाले.

त्यांच्या घरी दलाल येऊ लागले होते. एकाने बायकोला सांगितलं, तुमच्या माणसाचं रक्त सोन्यासारखं आहे, किंमत बोला. दुसरा थेट बाजारात, चार माणसांत येऊन बोलला. मग लोक विचारू लागले, याच्या रक्तात काय आहे असं? मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती, ती माणसं बिचकली.

मॅडमनी शोध घेतला. दुकानात कुणीतरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली होती. मग परवलीचा शब्द कोण विचारतो? तो विचारायचं काम आमच्या यंत्राचं होतं, आणि आमचं यंत्र तर बंद पडलेलं. डिस्क बापडी, जो जोडेल त्याला वाचू देत होती. नक्की कुणी नावं उचलली ते कधीच सिद्ध झालं नाही.

मॅडम स्वतः मळ्यात गेल्या. दादांनी त्यांना चहा दिला, उद्धट काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "मॅडम, तुमचा राग नाय. पन तुमचं कपाट बंद होत नाय. ते झालं की सांगा."

त्यानंतर दादा आले नाहीत. मॅडमनी ती सगळी नावं संगणकातून पुसायला लावली. मी बाळाला घेऊन नाशिकला परतले तेव्हा त्यांनी मला पहिलं हेच सांगितलं, आणि विचारलं, "असं यंत्र नाही का, जे पळवून नेलं तरी बोलणार नाही?"

मजकूर कुलूपबंद करणारे प्रोग्रॅम होते, पण त्यांची किल्ली त्याच डिस्कवर पडून राहायची, किंवा कुणाच्या तरी डोक्यात आणि मग पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. माहेरी असताना मी आईला पेढीच्या संगणकाबद्दल, त्यात जपलेल्या नावांबद्दल कौतुकाने सांगितलं होतं. तिने तिच्या अहिराणीत एकच विचारलं होतं, "तुन्हं मशीन इमानदार शे ना?" मी हो म्हणाले होते, आणि त्याची मला पुढे बरेच दिवस बोच राहिली.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर यायला काही वर्षं गेली. तोवर मी नोकरी सोडून स्वतःचं छोटं काम सुरू केलं होतं. पेढीने नवा संगणक मागवला. त्याच्या माहितीपत्रकात कोपऱ्यात एका सुरक्षा चिपचा उल्लेख होता. मी तिच्याबद्दल जमेल तेवढं वाचून काढलं, आणि वाचता वाचता खुर्चीतून उठून घरभर फिरले. यंत्राच्या मुख्य पाटीवर, मदरबोर्डवर, डाळीच्या दाण्यासारखी कायमची जडवलेली ती चिप. डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद, आणि त्याची किल्ली चिपने सील करून ठेवलेली. यंत्र चालू झालं की पहिला छोटा प्रोग्रॅम दुसऱ्याचं माप घेतो आणि चिपला कळवतो, दुसरा तिसऱ्याचं, अशी साखळी. शेवटी सगळी मापं जशीच्या तशी जुळली तरच चिप किल्ली सोडते. एक अक्षर जरी बदललेलं असलं, तर नाही.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या अपेक्षेतलाच प्रश्न विचारला. "सगळ्यात पहिल्याचं माप कोण घेतं?"

"कुणीच नाही. त्याला सहजासहजी हात लावता येऊ नये असं करून ठेवलंय. तिथे पाय टेकवायचा."

त्यांनी समोरची सीरमची एक बाटली उचलून उजेडात धरली. "हे ज्याने केलं," त्या म्हणाल्या, "त्याला कधीतरी कुणीतरी फसवलेलं असणार."

यंत्र आलं. मी सगळं बसवलं. अडल्या वेळेसाठी एक वेगळी किल्ली तयार होते, ती पेन ड्राइव्हवर घालून मॅडमच्या हवाली केली, आणि माझ्याकडे नक्कल ठेवली नाही. मग पेढीतल्या सगळ्यांसमोर डिस्क काढून माझ्या यंत्राला जोडली. जिथे नावं असायला हवी होती तिथे नुसता कचरा. अर्थ नाही, ओळ नाही, एक ओळखीचं अक्षर नाही. तीच डिस्क परत जागेवर लावली, आणि सगळं जिथल्या तिथे. प्रयोगशाळेतल्या बाई न राहवून म्हणाल्या, "पुन्हा काढा बघू." मी पुन्हा काढली. पुन्हा कचरा. माहिती तीच, डिस्क तीच, पण स्वतःच्या घराबाहेर ती मुकी होत होती.

मॅडमनी दादांना निरोप पाठवला, की एकदा येऊन बघा.

ते आले, तोवर केस पिकले होते. मुलीचं लग्न दुसरीकडे होऊन तिला मूलही झालेलं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मला त्यांना सगळं नीट दाखवायचं होतं. डिस्क काढायला पेचकससुद्धा तयार ठेवला होता. यंत्र चालू केलं, आणि ते चालू होईना. काळ्या पडद्यावर एक सूचना आली, की किल्ली द्या.

मी पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

आदल्या संध्याकाळी विक्रेत्याचा माणूस येऊन गेला होता, असं कार्यालयातून कळलं. त्याने चांगुलपणाने यंत्र सुरू करणाऱ्या साखळीतला एक प्रोग्रॅम बदलून नवा घातला होता. सुधारित, अधिकृत, काही वाईट नाही. पण चिपला वाईट-चांगलं कळत नव्हतं. काल होतं ते आज नाही, एवढंच तिला कळलं होतं, आणि तिने तोंड मिटलं होतं.

"ताई, हे तुमीच बसवलं ना?" दादांनी विचारलं.

"हो."

"मग तुमाला उघडना?"

"नाही."

"मॅडमलाबी नाय?"

"त्यांनाही नाही. किल्ली लागेल."

दादा पुढे सरकले. पडद्याकडे, मग पांढऱ्याफटक पडलेल्या माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि एकदम हसले, मोकळेपणी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "म्हंजे ज्यानं बांधलं त्यालाबी दार उघडत नाय! लय कडक हाय की."

मी माझी फजिती विसरले. खरंच, मी त्याच्यासमोर उभी होते. त्याची प्रत्येक तार मला ठाऊक होती, आणि ते मला ओळखत नव्हतं. ओळखत नव्हतं हेच त्याचं मोठेपण होतं. माझ्या हातून झालेल्या कुठल्याच कामाने मला इतकं लहान आणि इतकं सुखी केलं नव्हतं.

मॅडम आत जाऊन कपाटातून पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. मी तो लावला, यंत्र उघडलं. नव्या मापांची चिपला ओळख करून दिली.

दादांचं बारीक लक्ष होतं. "ही किल्ली कुनी चोरली तर?"

"तर तो दोष माझा," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळी दोष कुणाचा हेही कळलं नाही. आता ते कळेल."

"आन् उद्या तुमीच नावं विकली तर?"

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. "त्याला या यंत्राकडे उपाय नाही, दादा. तिथे तुम्हाला माणूसच बघावा लागेल."

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिवा ताई. फोन आता बदललाय. नवा नंबर घ्या."

पुढच्या वर्षी पेठ तालुक्यातली एक बाई बाळंतपणात खूप रक्त गेल्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी आणली गेली. तिचं रक्त कुणाशीच जुळेना. मॅडमनी दोन वाटांनी विचारलं, 'बॉम्बे' गटच निघाला, आणि त्यांनी मला फोन न करता दादांना केला. यंत्राकडे जायची गरजच नव्हती, नंबर त्यांना पाठ होता. दादा झेंडूचा तोडा अर्धा टाकून आले. मुंबईहून आणखी एका माणसाचं रक्त बर्फात घालून आलं.

तिसऱ्या दिवशी मी महिन्याच्या कामासाठी पेढीत बसले होते तेव्हा त्या बाईचा नवरा आला. तरुण, काटक, पायात रबरी चपला. कामासाठी हंगामात खाली द्राक्षबागांत यायचा म्हणाला.

"ज्यानं रगत दिला त्याचा नाव सांगा. पाया पडून येतो."

नाव माझ्यासमोर पडद्यावर होतं. मी म्हणाले, "नाव सांगता येत नाही, भाऊ. कुणाचंच सांगत नाही."

त्याला वाईट वाटलं असावं. थोडा वेळ तो काउंटरच्या लाकडावर बोट फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "बरा. मग त्याला एवढा सांगा, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

तो गेल्यावर मी दादांना फोन लावला. मागे बाजाराचा गलका होता, कुणीतरी भाव ओरडत होतं. मी निरोप सांगितला.

"पोरगी का," दादा म्हणाले. "बरं झालं. ताई, ठेवतो आता, गाडी भरायचीय."